औषधांचे किंमत नियंत्रण आणि मुक्त स्पर्धा : २०१३ च्या आदेशाची कायदेशीर समीक्षा

सारांश

जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ आणि स्पर्धा अधिनियम, २००२ हे दोन्ही कायदे ग्राहकाचे हित हेच आपले उद्दिष्ट मानतात. परंतु पहिला कायदा किंमत ठरवून ते साध्य करू पाहतो, तर दुसरा किंमत कोणीही ठरवू नये म्हणून झटतो. औषधांच्या बाजारात हे दोन्ही कायदे एकाच वेळी लागू आहेत. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ ने उत्पादन खर्चाऐवजी बाजारातील सरासरी किमतीचा आधार स्वीकारला आणि या दोन कायद्यांमधील संबंध अधिकच गुंतागुंतीचा झाला. प्रस्तुत लेखात या आदेशाच्या रचनेचे, त्याच्या स्पर्धेवरील परिणामांचे आणि त्यासंबंधीच्या न्यायनिर्णयांचे परीक्षण केले आहे. किंमत नियंत्रणामुळे स्पर्धा मारली जाते हा आक्षेप पूर्णतः खरा नाही. मात्र नियंत्रणाची सध्याची पद्धत स्पर्धेच्या अभावाला आश्रय देते, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजशब्द : किंमत नियंत्रण, मर्यादा किंमत, स्पर्धा आयोग, संगनमत, अत्यावश्यक औषधे.

प्रस्तावना

मुक्त बाजारपेठेचा सिद्धान्त एका साध्या गृहीतकावर उभा आहे. ग्राहक वस्तू निवडतो, त्या वस्तूची किंमत देतो आणि तिचा उपभोग घेतो. या तीनही भूमिका एकाच व्यक्तीकडे असल्यामुळे महाग विकणाऱ्याकडे पाठ फिरवण्याचे सामर्थ्य ग्राहकाला प्राप्त होते. औषधाच्या बाजारात मात्र हे गृहीतकच कोलमडते. औषध निवडतो डॉक्टर, पैसे मोजतो रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक आणि पर्याय द्यायचा की नाही हे ठरते दुकानदाराच्या काउंटरवर. रोगाने गांजलेला माणूस घासाघीस करू शकत नाही. त्यामुळे एकाच रासायनिक घटकाच्या अनेक ब्रँडची दुकानात रेलचेल असली तरी त्या गर्दीला स्पर्धा म्हणता येईलच असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या औषध क्षेत्राच्या बाजार अभ्यासातही जेनेरिक औषधांमधील चढाओढ किमतीपेक्षा ब्रँडभोवतीच फिरते, याकडे लक्ष वेधले आहे.

अशा बाजारात शासनाने हस्तक्षेप करावा की नाही, हा प्रश्न भारतात बऱ्याच अंशी निकालात निघालेला आहे. हस्तक्षेप कोणत्या पद्धतीने करावा आणि ती पद्धत स्पर्धेच्या कायद्याशी कितपत सुसंगत आहे, या प्रश्नाकडे मात्र आपल्या कायदेविषयक लेखनात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

औषधांच्या किमतींवरील नियंत्रणाचा उगम युद्धकाळात आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भारत संरक्षणविषयक कायद्याखाली १९६२ व १९६३ मध्ये किमती जाहीर करण्याचे व गोठवण्याचे आदेश निघाले. १९७० मध्ये जीवनावश्यक वस्तू अधिनियमाच्या आधारे पहिला व्यापक आदेश आला. पुढे १९७९ च्या आदेशात ३४७, १९८७ च्या आदेशात १४२ आणि १९९५ च्या आदेशात ७४ बल्क ड्रग नियंत्रणाखाली राहिली. उदारीकरणाच्या ओघात नियंत्रणाचे क्षेत्र कसे आक्रसत गेले हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

१९९५ च्या आदेशाची पद्धत खर्चाधारित होती. कच्चा माल, रूपांतरण आणि वेष्टन यांच्या खर्चावर कारखान्याबाहेरील सर्व खर्च व नफा मिळून जास्तीत जास्त १०० टक्के भर देऊन किंमत ठरवली जाई. २००२ च्या औषध धोरणाने नियंत्रण आणखी सैल करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. जीवनरक्षक व अत्यावश्यक औषधे किंमत नियंत्रणाच्या बाहेर जाऊ नयेत याची दक्षता घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००३ मध्ये सरकारला सांगितले. त्यानंतर जवळजवळ दशकभर रेंगाळलेल्या धोरणाला डिसेंबर २०१२ मध्ये मूर्त रूप आले आणि मे २०१३ मध्ये नवा आदेश लागू झाला. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतील सर्व औषधे त्याच्या कक्षेत आली. या सूचीत २०११ मध्ये ३४८ औषधे होती, २०२२ मध्ये ती ३८४ झाली. म्हणजे नियंत्रणाची व्याप्ती वाढली. परंतु त्याच वेळी नियंत्रणाचा पाया बदलला आणि या बदलातच पुढील अनेक प्रश्नांचे मूळ आहे.

बाजारावर अविश्वास, बाजाराचाच आधार

२०१३ च्या आदेशानुसार एखाद्या औषधाची मर्यादा किंमत पुढीलप्रमाणे ठरते. बाजारात ज्यांचा वाटा किमान १ टक्का आहे अशा सर्व ब्रँडच्या, किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढावयाची आणि तीत विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवावयाचा. उत्पादन खर्चाची चौकशी या पद्धतीत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गोळीच्या पाच ब्रँडची विक्रेत्याला पडणारी किंमत दर पाकिटास अनुक्रमे १००, ९०, ८०, २० आणि १० रुपये आहे असे समजू. साधी सरासरी ६० रुपये येते आणि १६ टक्के नफा धरून मर्यादा किंमत ६९ रुपये ६० पैसे होते. पहिल्या तीन उत्पादकांना किंमत उतरवावी लागते आणि त्यांच्या ग्राहकांना निश्चितच दिलासा मिळतो. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी गोळी १० रुपयांत विकूनही एक उत्पादक बाजारात टिकून आहे, तिच्यासाठी ६० रुपये ही शासनमान्य किंमत ठरते. ज्या बाजाराच्या किमतीवर विश्वास नाही म्हणून नियंत्रण आणले, त्याच बाजाराच्या किमतीला न्याय्य किमतीचा दर्जा दिला जातो. अखिल भारतीय पातळीवर औषधविषयक काम करणाऱ्या संघटनांनी या सूत्राला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, त्यामागील आक्षेप हाच होता.

स्पर्धेच्या दृष्टीने या सूत्रात आणखी एक दोष आहे, तो अधिक गंभीर असूनही कमी चर्चिला गेला आहे. मर्यादा किमतीपेक्षा जास्त दराने विकणाऱ्याने खाली यावे आणि कमी दराने विकणाऱ्याने आपली प्रचलित किंमत कायम ठेवावी, असे आदेश सांगतो. रुग्णहिताच्या दृष्टीने ही तरतूद वरकरणी योग्यच वाटते, कारण तिच्या अभावी स्वस्त विकणारेही मर्यादेपर्यंत किंमत चढवतील. पण नव्याने बाजारात येणाऱ्या उत्पादकाच्या नजरेतून ती पाहिली तर चित्र पालटते. त्याने सुरुवातीलाच कमी किंमत लावली, तर पुढे घाऊक किंमत निर्देशांकाने दिलेल्या वाढीपलीकडे त्याला हलता येत नाही. म्हणून मर्यादेच्या अगदी लगत किंमत लावून प्रवेश करणे हेच त्याच्या हिताचे ठरते. जो स्पर्धक किमती खाली ओढू शकला असता, त्यालाच वर राहण्याचे प्रलोभन कायद्याने दिले आहे. कमाल किंमत हळूहळू प्रचलित किंमत होऊन बसते ती अशी.

निर्देशांकाशी घातलेली सांगडही विचार करण्याजोगी आहे. अनुसूचित औषधांच्या किमतीत दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाइतकी वाढ करता येते. बिगर-अनुसूचित औषधांवर केवळ बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढ करू नये एवढेच बंधन आहे. २०२२ मध्ये निर्देशांकानुसार अनुज्ञेय वाढ सुमारे १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये सुमारे १२.१२ टक्के होती. म्हणजे या दोन वर्षांत नियंत्रित औषधांना मिळालेली वाढीची मुभा अनियंत्रित औषधांपेक्षा अधिक होती. पुढे २०२४ मध्ये ही वाढ जवळजवळ शून्यावर आली हे खरे. परंतु औषधाचा खर्च, त्याची मागणी किंवा त्यातील स्पर्धा यांपैकी कशाशीही संबंध नसलेल्या निर्देशांकावर किंमत अवलंबून ठेवली की अशी विसंगती केव्हाही उद्भवू शकते.

उलट्या दिशेची स्पर्धा : स्टेंटचे उदाहरण

किंमत नियंत्रणाचे टीकाकार स्पर्धा मुक्त ठेवल्यास किमती आपोआप उतरतील असे प्रतिपादन करतात. हृदयरोगावरील स्टेंटचा अनुभव या प्रतिपादनाला छेद देतो. फेब्रुवारी २०१७ पूर्वी स्टेंटच्या किमतींवर मर्यादा नव्हती आणि अनेक देशी-परदेशी कंपन्या बाजारात होत्या. तरीही किमती उतरल्या नाहीत. स्टेंटची निवड रुग्णालयात होत असे आणि अधिक किमतीच्या स्टेंटवर रुग्णालयाला व मध्यस्थांना मिळणारा नफा अधिक असे. कंपन्यांची चढाओढ रुग्णाला स्वस्त वस्तू देण्यासाठी नव्हती, ती निवड करणाऱ्याला अधिक नफा देण्यासाठी होती. अशा चढाओढीत किंमत वर जाते.

राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधविलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये अशी मर्यादा घातली. वर्षभराने ती अनुक्रमे ७,६६० आणि २७,८९० रुपये करण्यात आली. येथे नियंत्रणाने स्पर्धा नष्ट केली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही, कारण किमतीची स्पर्धा तेथे मुळातच नव्हती. मात्र या निर्णयाचीही दुसरी बाजू आहे. सर्व औषधविलेपित स्टेंट एकाच वर्गात बसवल्यामुळे गुणवत्तेतील फरकाला किमतीत स्थान उरले नाही. काही कंपन्यांनी आपले नव्या पिढीचे स्टेंट बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली व प्राधिकरणाला ती नाकारावी लागली. ज्या वस्तूत संशोधनाचा वेग मोठा आहे, तिथे एकच मर्यादा किंमत दीर्घकाळ पुरत नाही, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

दोन कायदे, दोन अधिभावी कलमे

कायद्याच्या अंगाने पाहिले असता किंमत नियंत्रणाची घटनात्मक वैधता आता वादातीत आहे. प्राग आइस अँड ऑइल मिल्स खटल्यात (१९७८) मोहरीच्या तेलाच्या किंमत नियंत्रणाचा प्रश्न होता. काही उत्पादकांना तोटा होतो एवढ्यावरून नियंत्रण अवाजवी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात मानले. सायनामाइड इंडिया खटल्यात (१९८७) प्रत्यक्ष औषधांच्या किमतींचाच प्रश्न होता. किंमत निश्चिती ही स्वरूपतः वैधानिक कृती असल्याने प्रत्येक उत्पादकाला नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वानुसार सुनावणी देणे बंधनकारक नाही, असे त्यात ठरले. परिणामी न्यायालये किमतीच्या आकड्यात सहसा शिरत नाहीत. हे धोरण योग्य आहे. परंतु त्यामुळे आकडा कसा ठरला याची तपासणी करणारी दुसरी सक्षम संस्था असणे अधिकच आवश्यक होते.

ती संस्था स्पर्धा आयोग होऊ शकते काय? येथे कायद्याची गाठ पडते. जीवनावश्यक वस्तू अधिनियमाच्या कलम ६ नुसार त्याखाली काढलेले आदेश इतर कोणत्याही अधिनियमातील विसंगत तरतुदींवर मात करतात. स्पर्धा अधिनियमाचे कलम ६० हेही त्या अधिनियमाला इतर कायद्यांवर अधिभावी प्रभाव देते. त्याच अधिनियमाचे कलम ६२ मात्र आपल्या तरतुदी इतर कायद्यांना पूरक आहेत, त्यांना बाध आणणाऱ्या नाहीत असे सांगते. दोन कायद्यांत अशी कलमे समोरासमोर आली तर सामान्यतः नंतरचा कायदा वरचढ ठरतो, असा अर्थनिर्णयाचा संकेत आहे. तो येथे यांत्रिकपणे लावला तर स्पर्धा अधिनियम वरचढ ठरेल आणि किंमत नियंत्रणाचा पायाच डळमळेल. संसदेचा तसा हेतू असल्याचे दिसत नाही. म्हणून दोन्ही कायद्यांचा सुसंवादी अर्थ लावणे हाच मार्ग उरतो. शासनाने स्वतः ठरवलेली कमाल किंमत हा उत्पादकांमधील करार नव्हे, त्यामुळे ती कलम ३ च्या कक्षेत येत नाही. परंतु त्या कमाल किमतीच्या आत किंवा तिच्या आडोशाने खासगी पक्षांनी आपसात काही ठरवले, तर त्याला शासनाच्या आदेशाचे संरक्षण मिळू शकत नाही.

शासकीय हस्तक्षेपाच्या क्षेत्रात स्पर्धा आयोगाला स्थान आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय मार्गदर्शक आहेत. भारती एअरटेल प्रकरणात (२०१८) दूरसंचार नियामकाने आपल्या क्षेत्रातील तांत्रिक प्रश्न आधी निकाली काढावेत व त्यानंतर आयोगाने चौकशी करावी, असा क्रम न्यायालयाने सांगितला. कोल इंडिया प्रकरणात (२०२३) तक्रारदारांमध्ये महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीचा समावेश होता. राष्ट्रीयीकृत उद्योग सार्वजनिक हितासाठी चालतो म्हणून तो स्पर्धा अधिनियमाच्या बाहेर राहत नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ असा की, शासनाचा हात जेथे आहे तेथे आयोगाचा हात आपोआप बांधला जात नाही, फक्त त्याची पाळी नंतर येते.

आडोशाला वाढलेले संगनमत : गोव्याचे प्रकरण

वर सांगितलेला भेद केवळ तात्त्विक नाही, हे औषध विक्रेत्यांच्या संघटनांविरुद्धच्या प्रकरणांतून दिसून येते. गोव्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेविरुद्ध तेथीलच व्यावसायिकांनी तक्रार केली होती आणि स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये तिच्यावर निर्णय दिला. नवा स्टॉकिस्ट नेमण्यापूर्वी कंपनीने संघटनेचे ना हरकत पत्र घ्यावे, नवे उत्पादन बाजारात आणण्यापूर्वी संघटनेकडे त्याची माहिती प्रसिद्ध करण्याचे शुल्क भरावे आणि विक्रेत्यांचा नफा ठरलेल्या टक्केवारीनेच द्यावा, अशा प्रथांचा प्रश्न त्यात होता. या प्रथा स्पर्धाविरोधी असल्याचा निष्कर्ष आयोगाने काढला. अखिल भारतीय संघटनेविरुद्ध २०१३ मध्ये दिलेल्या निर्णयातही हेच सूत्र होते.

या प्रकरणांतील नफ्याच्या टक्केवारीचा मुद्दा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. किंमत नियंत्रण आदेशाने अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरला आहे. बिगर-अनुसूचित औषधांवर असा कोणताही नफा कायद्याने ठरवलेला नाही. तरीही त्या औषधांवर घाऊक विक्रेत्याला १० टक्के व किरकोळ विक्रेत्याला २० टक्के ही टक्केवारी संघटनांच्या परस्पर समजुतीने देशभर रूढ झाली. शासनाने एका वर्गासाठी टक्केवारी ठरवली आणि तिच्या शेजारी खासगी संघटनेने दुसऱ्या वर्गासाठी आपली टक्केवारी उभी केली. अशा स्थितीत एखादा दुकानदार कमी नफा घेऊन स्वस्त विकू इच्छित असेल, किंवा एखादी कंपनी कमी नफा देऊन किंमत उतरवू इच्छित असेल, तर तिला बहिष्काराची भीती बाळगावी लागते. किंमत नियंत्रण जेथे थांबते तेथून स्पर्धा सुरू व्हावी हे अपेक्षित होते. प्रत्यक्षात तेथून संगनमत सुरू झाले.

अमेरिकेच्या न्यायालयांनी या प्रश्नासाठी विकसित केलेला निकष येथे उपयुक्त आहे. कॅलिफोर्नियातील मनुकांच्या विक्री योजनेसंबंधीच्या पार्कर विरुद्ध ब्राउन खटल्यात (१९४३) राज्याच्या स्वतःच्या कृतीला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही असे ठरले. त्याच राज्यातील मद्यविक्रीच्या किमतींविषयीच्या मिडकॅल खटल्यात (१९८०) त्या संरक्षणाला दोन अटी जोडल्या गेल्या. स्पर्धेवरील निर्बंध हे राज्याचे स्पष्टपणे व्यक्त झालेले धोरण असले पाहिजे आणि त्यावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख असली पाहिजे. त्या खटल्यात उत्पादक किमती ठरवत होते आणि राज्य त्या तपासत नव्हते, म्हणून संरक्षण नाकारले गेले. हा निकष भारतीय औषध व्यापाराला लावला तर मर्यादा किंमत त्यात उतरते, परंतु संघटनांनी ठरवलेली टक्केवारी दोन्ही अटींवर नापास होते. स्पर्धा अधिनियमाच्या कलम ५४ खाली सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. जी सूट सरकारने अधिसूचना काढून द्यावयाची, ती व्यापारी संघटनेला परस्पर घेता येत नाही.

नियंत्रणाची किंमत : तुटवडा

किंमत नियंत्रणाच्या समर्थकांनी ज्या प्रश्नाला अधिक प्रांजळपणे सामोरे जाणे आवश्यक आहे, तो पुरवठ्याचा आहे. आदेशाच्या परिच्छेद १९ नुसार असाधारण परिस्थितीत लोकहितासाठी सरकारला कोणत्याही औषधाची किंमत वाढवता किंवा उतरवता येते. डिसेंबर २०१९ मध्ये २१, जुलै २०२१ मध्ये ९ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ११ औषध-प्रकारांच्या मर्यादा किमती या तरतुदीखाली ५० टक्क्यांनी वाढवण्यात आल्या. त्यांत बीसीजी लस, क जीवनसत्त्व, कार्बामाझेपिन, ॲट्रोपिन, साल्ब्युटामॉल, लिथियम आणि बेंझिल पेनिसिलिन यांचा समावेश होता. ही सर्व जुनी, स्वस्त आणि सार्वजनिक आरोग्यासाठी अपरिहार्य औषधे आहेत. कच्च्या मालाच्या किमती वाढल्यामुळे उत्पादन परवडत नाही, अशी उत्पादकांची तक्रार होती आणि ती प्राधिकरणाने मान्य केली.

पेनिसिलिनचे उदाहरण महाराष्ट्राला विशेष जवळचे आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक उद्योगाची स्थापना झाली ती पेनिसिलिन देशात बनवण्यासाठीच. पुढे चीनमधून येणाऱ्या स्वस्त कच्च्या मालापुढे देशातील पेनिसिलिन उत्पादनाचा टिकाव लागला नाही. या ऱ्हासाचे सारे खापर किंमत नियंत्रणावर फोडणे अन्याय्य होईल. आयात धोरण, सार्वजनिक उद्योगांची उपेक्षा आणि तंत्रज्ञानातील पीछेहाट ही कारणेही तितकीच प्रबळ आहेत. परंतु आयातीवर अवलंबून असलेल्या औषधाची विक्री किंमत बांधून ठेवावयाची आणि त्याच्या कच्च्या मालाची किंमत परदेशी पुरवठादाराच्या हाती सोडावयाची, ही रचना दोन्ही बाजूंनी उत्पादकाची कोंडी करते. उत्पादक कमी झाले की उरलेल्यांचे वर्चस्व वाढते. अशा रीतीने किंमत नियंत्रण अप्रत्यक्षपणे बाजाराचे केंद्रीकरण घडवू शकते. ज्या औषधाची किंमत कागदावर कमी आहे पण जे दुकानात मिळत नाही, ते रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महाग औषध होय.

येथे आदेशातील आणखी एक उणीव लक्षात येते. अनुसूचित औषधाचे उत्पादन बंद करावयाचे असल्यास किमान सहा महिने आधी सूचना देणे उत्पादकावर बंधनकारक आहे. परंतु सूचना मिळाल्यावर पर्यायी पुरवठा कोणी व कसा उभारावा, याची ठोस यंत्रणा आदेशात नाही. किंमत बांधणारा कायदा पुरवठा बांधत नाही, तोवर तो अर्धाच कायदा राहतो.

बाजार अपयशाची कबुली

प्राधिकरणाला या साऱ्याची जाणीव नव्हती असे नाही. २०१४ मध्ये त्याने परिच्छेद १९ च्या आधारे मधुमेह व हृदयविकारावरील १०८ बिगर-अनुसूचित औषध-प्रकारांवर मर्यादा घातली. एकाच औषधाच्या निरनिराळ्या ब्रँडमधील अवाजवी तफावत हे बाजाराच्या अपयशाचे लक्षण आहे, असे कारण त्यासाठी दिले होते. सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक महाग असणाऱ्या ब्रँडना त्याची झळ पोहोचली. उद्योगाने तीव्र विरोध केला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये संबंधित मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारच्या सांगण्यावरून मागे घेण्यात आली. आधी काढलेल्या अधिसूचना मात्र कायम राहिल्या व मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्या वैध ठरवल्या.

या घटनाक्रमाचे महत्त्व त्यातील कारणमीमांसेत आहे. बाजाराचे अपयश हा मूलतः स्पर्धा कायद्याच्या अभ्यासाचा विषय होय. किंमत प्राधिकरण त्याच्या आधारे निर्णय घेत असेल, तर त्या अपयशाचे निदान करण्याचे कौशल्य असलेल्या स्पर्धा आयोगाचे मत विचारणे उचित ठरले असते. स्पर्धा अधिनियमाच्या कलम ४९ नुसार केंद्र सरकार आपल्या धोरणाच्या स्पर्धेवरील संभाव्य परिणामांविषयी आयोगाचे मत मागवू शकते आणि आयोगाने ते साठ दिवसांत द्यावयाचे असते. ते मत सरकारवर बंधनकारक नाही. कलम २१ खाली वैधानिक प्राधिकरणालाही आयोगाकडे संदर्भ करता येतो. परंतु किंमत प्राधिकरणाची स्थापना १९९७ मध्ये शासकीय ठरावाने झाली असून त्याला स्वतंत्र अधिनियमाचा आधार नाही. त्यामुळे ते या कलमातील 'वैधानिक प्राधिकरण' या संज्ञेत बसते काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. ज्याच्या निर्णयावर कोट्यवधी रुग्णांचा औषधखर्च अवलंबून आहे, त्या संस्थेचे कायदेशीर स्थान इतके नाजूक असावे हे खेदजनक आहे.

निवड करणाऱ्याकडे दुर्लक्ष

किंमत आणि स्पर्धा या दोन्ही कायद्यांच्या पलीकडे आणखी एक घटक आहे, तो म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी जेनेरिक नावे लिहावीत असे बंधन घालणारे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जारी केले आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप जेनेरिक औषधांच्या गुणवत्तेविषयी होता. हा आक्षेप सोयीचा असला तरी सर्वस्वी निराधार नाही. सर्व उत्पादकांच्या औषधांची गुणवत्ता समान आहे अशी खात्री शासन जोवर देऊ शकत नाही, तोवर डॉक्टर ब्रँडच्या नावात विश्वास शोधत राहणार आणि त्या विश्वासाचे मूल्य रुग्णाकडून वसूल होत राहणार. औषध गुणवत्तेची तपासणी हे वरवर पाहता आरोग्य प्रशासनाचे काम आहे, पण वस्तुतः ते स्पर्धा निर्माण करण्याचेही सर्वांत परिणामकारक साधन आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. औषधांच्या बाजारात निवड करणारा आणि पैसे देणारा भिन्न असल्यामुळे किंमत नियंत्रण हटवल्याने स्पर्धा आपोआप निर्माण होणार नाही. स्टेंटचा अनुभव याची साक्ष देतो.

२. साध्या सरासरीवर आधारित मर्यादा किंमत महागड्या ब्रँडना खाली आणते, परंतु नव्या उत्पादकाला मर्यादेलगत राहण्यास प्रवृत्त करते. सरासरी काढताना स्वस्त ब्रँडना अधिक भार द्यावा, तसेच निवडक औषधांच्या बाबतीत ठरावीक काळाने उत्पादन खर्चाची पडताळणी करावी.

३. शासनाने ठरवलेली किंमत आणि संघटनांनी ठरवलेला नफा यांतील कायदेशीर भेद आयोगाच्या निर्णयांनी स्पष्ट झाला आहे. तो आदेशाच्या शब्दांतही उतरला पाहिजे. बिगर-अनुसूचित औषधांवरील नफ्याची टक्केवारी कोणत्याही संघटनेला ठरवता येणार नाही, असे आदेशात नमूद व्हावे.

४. किंमत प्राधिकरणाला स्वतंत्र अधिनियमाने वैधानिक दर्जा द्यावा. धोरणात्मक बदलापूर्वी कलम ४९ खाली आयोगाचे मत घेण्याची प्रथा पाडावी आणि ते मत प्रसिद्ध करावे.

५. ज्या अत्यावश्यक औषधाचे उत्पादक मोजकेच उरले आहेत, त्यांच्या बाबतीत किंमत निश्चितीबरोबर पुरवठ्याची हमी आणि सार्वजनिक क्षेत्रातील उत्पादन यांचा एकत्रित विचार व्हावा. दर काही वर्षांनी ५० टक्के वाढ देणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे.

किंमत नियंत्रण आणि मुक्त स्पर्धा यांना परस्परांचे शत्रू मानून आजवर बरीच चर्चा झाली. वस्तुतः दोहोंचे लक्ष्य एकच आहे. दुर्बल ग्राहकाला बलवान विक्रेत्यापासून संरक्षण देण्यासाठी हे दोन्ही कायदे आले. एका कायद्याने आखलेली मर्यादा दुसऱ्याच्या नजरेआड राहिली, तर त्या मर्यादेखाली संगनमत फोफावते आणि संरक्षणाच्या नावाखाली रुग्णच एकाकी पडतो. दोन्ही यंत्रणांनी परस्परांशी संवाद साधणे यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. अस्तित्वात असलेल्या कलमांचा वापर करण्याची इच्छाशक्ती असली तरी त्याला प्रारंभ होऊ शकेल.